छोटीच्या मापाची

भर उन्हाळ्यात, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असताना, कपड्यांच्या त्या मोठ्या दुकानाच्या काचेत पावसाळा लागायचा. बाहेर खरा पाऊस कोसळायला लागला की काचेत थंडी पडायची. आणि लोक मफलर गुंडाळून कुडकुडत जायला लागले की काचेत सुती कपड्यांचा उन्हाळा तापायचा. हे सगळं हवामान ज्यांच्या हातात होतं त्यांना अख्खा रस्ता 'काचवाले' म्हणायचा.

काचवाल्यांचं काम म्हणजे दर्शनी काचेमागच्या पुतळ्यांना कपडे चढवणं. ऐकायला सोपं आहे. पण ज्याने ताठ उभ्या पुतळ्याला कधी पँट घातलीय त्यानेच बोलावं. पुतळा पाय उचलत नाही, पोट आत घेत नाही, आणि बाही चढवायची तर आधी हात खांद्यापासून उपटून काढावा लागतो. तोंडात टाचण्या आणि काखेत कुणाचा तरी हात धरून काचवाले काचेत वाकलेले असले की येणारी-जाणारी पोरं खिदळायची. काचवाले नुसते डोळे वटारायचे. तोंड उघडलं असतं तर टाचण्या पोटात गेल्या असत्या.

पुतळे चार होते. 'साहेबां'चा एक अंगठा तुटलेला, त्यामुळे तो हात बारा महिने खिशात. 'मॅडम'ची मान अशी, की बाई आत्ता कुणाचा तरी पाणउतारा करून आल्यात आणि पुढच्याचा करायला निघाल्यात. तिसरा बिनडोक्याचा. त्याला दुकानातले लोक 'मॅनेजर' म्हणायचे, अर्थात मॅनेजर आसपास नसताना. आणि चौथी 'छोटी'. नाकाचा शेंडा उडालेली, कुरळ्या टोपाची, एक हात जरासा पुढे केलेली, जणू कुणीतरी बोट धरेल म्हणून वाट बघत असलेली.

काचेतून उतरलेला कपडा गिऱ्हाइकाला देता यायचा नाही. एका खांद्याचा रंग उन्हाने उडालेला असायचा आणि पाठीला टाचण्यांची भोकं. त्यामुळे हंगाम बदलला की मालक ते कपडे कामाच्या माणसांत वाटून टाकायचे. साहेबांचा शर्ट मॅनेजर न्यायचे, खरे, डोकं असलेले. मॅडमच्या कपड्यांवरून काउंटरवरच्या मुलींमध्ये आठवडाभर अबोला व्हायचा. आणि छोटीचं जे काही असेल ते काचवाल्यांच्या घरी, त्यांच्या एकुलत्या एका मुलीला. गंमत म्हणजे काचेत हंगाम आधी लागायचा, म्हणून तिथून उतरलेला कपडा घरी यायचा तो अगदी वेळेवर. पावसाच्या तोंडावर रेनकोट, थंडीच्या तोंडावर स्वेटर.

त्याच दुकानाच्या पोटमाळ्यावर काचवाल्यांची बायको शिलाई मशीनवर बसायची. तिला सगळे वहिनी म्हणायचे, मालकसुद्धा. घेतलेला कपडा गिऱ्हाइकाच्या मापात बसवून देणं हे त्यांचं काम. दिवसभर आया येत. "वहिनी, बघा हो! शाळा सुरू होताना घेतलेला स्कर्ट, आत्ताच गुडघ्याच्या वर! हिला जेवायला घालते की खत घालते, मलाच कळेनासं झालंय." वहिनी खालची दुमड उसवायच्या, दोन बोटं कापड सोडायच्या, पुन्हा टीप मारायच्या. आणि संध्याकाळी नवऱ्याबरोबर घरी जाताना म्हणायच्या, "आपलं बरं आहे बाई. आपल्याला नाही ती कटकट."

खरंच नव्हती. मुलगी लहान असताना छोटीचे कपडे तिला ढगळ व्हायचे, बाह्या दुमडाव्या लागायच्या. मग ती आठ वर्षांची झाली आणि एका थंडीत स्वेटर असा बसला, जणू अंगावर बेतून विणलाय. काचवाले तिला आरशासमोर गरगर फिरवून म्हणाले, "वा! छोटीच्या मापाची झाली आमची मुलगी!" पुढच्या थंडीतही बसला. त्याच्या पुढच्याही. टाका घालायला नको की उसवायला नको. चमत्काराला कुणी कारण विचारत नाही, फुकटच्या चमत्काराला तर नाहीच नाही.

घरात मुलीला ते 'आजीबाई' म्हणायचे. नावच तिने कमावलं होतं. उन्हाळ्यात शेजारपाजारची पोरं उघडीनागडी नळाखाली उड्या मारायची, तेव्हा आजीबाई स्वेटर घालून खिडकीत बसलेली. पळापळी नाही, आरडाओरडा नाही, हट्ट नाही. दिलेलं खायचं, तेही चिमणीच्या चोचीएवढं, आणि दिवेलागणीला डोळे मिटायला सुरुवात. अक्षर मात्र मोत्यासारखं, सावकाश काढलेलं.

"स्वेटर काढ गं, बघणाऱ्याला घाम फुटतो," वहिनी म्हणायच्या.

"मला नाही फुटत," आजीबाई म्हणायची.

"अगं, ती माझ्यावर गेलीय," काचवाले फुशारकीने सांगायचे. "एक हंगाम पुढे असते. बाहेर काय चाललंय याच्याशी तिचा संबंध नाही." हा विनोद त्यांनी दुकानात, रस्त्यावर, पाहुण्यांत इतक्यांदा सांगितला होता, की ऐकणारेच शेवटचं वाक्य आधी म्हणून टाकायचे.

शेजारीण तर कपाळावर हात मारून घ्यायची. "तुमची मुलगी घरात आहे की नाही तेसुद्धा कळत नाही हो! आमची कार्टी बघा. छप्पर खाली आणायचं तेवढं बाकी ठेवलंय." ते ऐकून काचवाल्यांना मूठभर मांस चढायचं. मुलगी वाढवण्यात आपला काहीतरी खास हातखंडा आहे असं त्यांना मनोमन वाटायचं. शाळेतून आणताना तिचा हात हातात असायचा, गार, पाण्यातून काढल्यासारखा.

"किती गार गं हात तुझा?"

"तुमचा गरम आहे, बाबा. म्हणून वाटतो."

मुलगी हुशार आहे, एवढाच अर्थ त्यांनी काढला.

एकदा काचवाल्यांची थोरली बहीण राहायला आली. दारातच तिने भाचीला जवळ घेतलं आणि मग हात लांब करून तिला नीट न्याहाळलं.

"अरे, ही अजून एवढीशीच? माझ्या धाकट्याने मागे टाकलं की हिला!"

"ताई, आपल्या घरात ताडमाड कोण झालंय? तू स्वतः स्टुलावर चढल्याशिवाय डबा काढत नाहीस."

"माझं सोड. मी म्हणते, एकदा कुणाला तरी दाखवून घे."

"काय दाखवू? अगं, अख्ख्या गावाची मापं घेतो मी या डोळ्यांनी. गिऱ्हाईक दारातून आत आलं की लांबून सांगतो, छत्तीस का अडतीस. घरातली पोर दिसणार नाही मला?"

"बरं बाबा. तू शहाणा," ताई म्हणाल्या आणि चहाकडे वळल्या. त्यांचंही चुकलं नव्हतं. भावाचा डोळा खरोखरच पक्का होता. कपड्याचं माप त्याला फुटपट्टीवाचून कळायचं.

आजीबाई दहा वर्षांची होऊन गेली होती तेव्हाची गोष्ट. बाहेर पाऊस धो धो, म्हणजे काचेत थंडी लावायची वेळ. मालकांच्या डोक्यात नवी कल्पना आली. "पुतळे बघून लोक कंटाळलेत. आपण खरी माणसं उभी करू. एका संध्याकाळीच. दोन मुली, मधे तुझी ती छोटी. लोकांना कळता कामा नये खरी कोण आणि खोटी कोण. एक तुझीच आण. ती जागची हलत नाही म्हणतोस ना?"

"हलत नाही? मालक, तिच्यावर पाखरू येऊन बसेल!"

दुसरी मुलगी लांब शोधावी लागली नाही. समोरच्या फुटपाथवर घड्याळजीचं दुकान होतं. त्याची मुलगी आजीबाईच्याच वर्गात, पहिलीपासून एका बाकावर. अलीकडे बाईंनी तिला मागच्या बाकावर नेलं होतं, एवढंच.

काचेच्या आत भट्टी होती. पाच दिवे वरून, दोन खालून, आणि अंगावर लोकरीचे स्वेटर. घड्याळजीची मुलगी पहिल्या मिनिटापासून चुळबुळ करत होती. "काका, टोचतंय. काका, घाम डोळ्यात जातोय. काका, नाकाला खाजवू?"

"बाहुलीला नाक खाजत नाही. तिच्याकडे बघ, कशी उभी आहे."

आजीबाई उभी होती. एक हात जरासा पुढे, छोटीसारखाच. तिच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. ती ओठ न हलवता म्हणाली, "बाबा, इथे किती छान ऊब आहे. रोज उभी राहू का?"

काचवाले खूश होऊन बाहेर पडले. काच सजवून झाली की ती समोरच्या फुटपाथवरून, डोळे किलकिले करून बघायची, ही त्यांची वर्षानुवर्षांची रीत. तसं बघितलं की बटणं, शिवणी, सुरकुत्या सगळं पुसलं जातं आणि नुसते आकार उरतात. कुठला उंच, कुठला बुटका, कुठे तोल जातोय, ते लगेच कळतं. ते छत्री उघडून घड्याळजीच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. घड्याळजीही बाहेर आला होता, डोळ्याला लावायचं भिंग कपाळावर तसंच.

काचेसमोर गर्दी जमली होती. पुढे उभी असलेली एक बाई नवऱ्याला सांगत होती, "उजवीकडची मुलगी खरी आहे बघा, हलतेय. त्या दोन मात्र बाहुल्या. पण काय सुंदर केल्यात हो! जोडीच्या आहेत, एका साच्यातल्या."

"ऐकलंस?" घड्याळजी खुदकन हसला. "मानलं बुवा तुझ्या पोरीला. पापणी लवत नाही. नाहीतर आमचं ध्यान बघ, उंटासारखं वाढलंय नुसतं. आणि गंमत बघ, शाळेत घातल्या तेव्हा तुझी उंच होती. आठवतंय? माझी तिच्या खांद्याला लागायची. मला तेव्हा वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू."

काचवाल्यांनी डोळे किलकिले केले.

तीन आकार होते. दोन अगदी सारखे, केसभर कमी नाही की जास्त नाही. आणि तिसरा त्यांच्यापेक्षा वीतभर उंच. कुठल्याही दिवशी ही काच त्यांनी बघितली असती तर ते चटकन म्हणाले असते, दोन पुतळे आहेत आणि एक मुलगी. मग आपली मुलगी कुठेय?

छत्री हातातून कधी सुटली ते त्यांना कळलं नाही. घड्याळजी "अरे, अरे, काय झालं?" म्हणेपर्यंत ते रस्ता ओलांडून गेले होते, एका सायकलवाल्याच्या शिव्या खाऊन. काचेच्या आत चपला घालून जायचं नाही हा त्यांचाच कडक नियम. ते चिखलाने भरलेल्या चपलांनी पांढऱ्या कापसाच्या बर्फावरून चालत गेले. बाहेरची गर्दी हसली. तिला वाटलं, हाही कार्यक्रमातलाच भाग.

त्यांनी मुलीला छोटीच्या शेजारी सरळ उभं केलं आणि दोघींच्या डोक्यावर आपला तळहात आडवा ठेवला. तळहात कुठेही कलला नाही.

"बाबा, संपलं?" आजीबाईने विचारलं. "मी हलले का?"

"नाही गं," ते म्हणाले. "तू नाही हललीस."

पोटमाळ्यावर वहिनी कुणाच्या तरी मुलाच्या पँटची दुमड उसवत होत्या. नवरा मुलीला काचेतून उतरवून, जिना चढून धापा टाकत समोर येऊन उभा राहिला, पायाला कापूस चिकटलेला.

"अहो, हे काय? तोंड का असं झालंय?"

"आपण आपल्या मुलीची दुमड शेवटची कधी उसवली?"

"अं?"

"तिच्या कपड्याची. लांबी कधी वाढवली शेवटची?"

वहिनी हसायला लागल्या. हसता हसता आठवायला लागल्या. आणि मग मधेच कुठेतरी त्यांचं हसू थांबलं. हातातली पँट त्यांनी मांडीवर ठेवली. तिच्यावरचा तो जुन्या घडीत न विटलेला पट्टा, वाढलेल्या पोराच्या उंचीचा, त्या बोटाने नुसता चाचपत राहिल्या.

"आकाशी फ्रॉक," त्या पुटपुटल्या. "दुसरीत होती."

खाली मालक हाका मारत होते की अर्धी काच रिकामी कशी. कुणी ओ दिली नाही.

मुलांच्या डॉक्टरबाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी आजीबाईला भिंतीला टेकवून उंची घेतली, वजन केलं, गळा चाचपला, केसांतून बोटं फिरवली, मनगट धरून घड्याळाकडे बघत बसल्या.

"आधीची उंची किती होती? मागच्या वर्षीची वगैरे?"

"एवढीच असणार," काचवाले म्हणाले. "तीन वर्षं ती छोटीचेच कपडे घालतेय."

"छोटी म्हणजे धाकटी बहीण का? मग तिलाही आणा. तिचीही वाढ बघू."

वहिनींनीच खाली मान घालून सांगितलं. "धाकटी बहीण नाही, डॉक्टर. छोटी पुतळा आहे. दुकानातला."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या असत्या, हसल्या असत्या, तरी चाललं असतं. त्यांनी फक्त "बरं" म्हटलं आणि पुढचं विचारलं.

"हिला थंडी जास्त वाजते का?"

काचवाल्यांनी सवयीने तोच किस्सा सुरू केला, उन्हाळ्यातला स्वेटर, एक हंगाम पुढे. अर्ध्यावर त्यांच्याच कानांना तो कसातरी लागला. शेवटचं वाक्य म्हणायला कुणी नव्हतं, त्यांनीही म्हटलं नाही.

"झोप फार येते? भूक कमी? खेळायला जात नाही? बोलणं सावकाश? पोट साफ होत नाही?"

हो. हो. हो. जे जे आजवर कौतुकाने लोकांना सांगितलं होतं ते एकेक करून टेबलावर येत होतं आणि आजाराचं लक्षण होऊन तिथे बसत होतं. शांत आहे, गुणी आहे, त्रास देत नाही, घरात आहे की नाही कळत नाही. वहिनींना वाटलं, आता ही बाई मोत्यासारख्या अक्षराचंही काही सांगणार. त्यांनी मुलीचा हात पदराखाली घट्ट धरून ठेवला.

रक्त तपासलं, तळहाताचा एक्स-रे काढला. पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंनी नीट समजावून सांगितलं. गळ्यात एक ग्रंथी असते, थायरॉइड. शरीराची शेगडी म्हणा हवं तर. हिची जवळजवळ विझत आलीय. म्हणून गारठा, म्हणून सुस्ती, म्हणून वाढ थांबलेली. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. नंतर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही.

"बस? एक गोळी?" काचवाले अवाक झाले. एवढ्या मोठ्या गोष्टीला निदान एखादं ऑपरेशन तरी असेल अशी त्यांनी मनाची तयारी केली होती.

"एक गोळी, पण रोज, आणि बहुतेक कायमची. हाडांच्या फोटोत हिचं वय आठच दिसतंय. ऐकून दचकू नका, ते चांगलं आहे. म्हणजे वाढायला अजून जागा आहे."

"मग राहिलेली उंची सगळी भरून निघेल ना?"

"बरीचशी निघेल. सगळी, असा शब्द मी देणार नाही. आधी आणली असतीत तर दिला असता." मग वहिनींचा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "हे तुमच्यामुळे झालेलं नाही. फक्त उशीर झालाय. आणि हो, स्वभाव थोडा बदलेल तिचा. घाबरून जाऊ नका."

ते शेवटचं वाक्य दोघांनीही ऐकलं नाही. दोघंही अजून 'आधी आणली असतीत' यावरच अडकलेली होती.

घरी येताना काचवाल्यांच्या मनात एकच विचार घुमत होता, आणि तो कुणाला सांगण्यासारखा नव्हता. हात गार, ते आजारपण. पळत नाही, ते आजारपण. हट्ट करत नाही, तेही. मग या सगळ्यातून आपली मुलगी म्हणून जी उरते ती कोण? आपण तीन वर्षं कुणाचे लाड करत होतो?

गोळी सुरू झाली. बाहेर पाऊस ओसरला, थंडी आली. काचेत काचवाल्यांनी उन्हाळा लावला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. साहेबांच्या खिशातला हात बाहेर राहिला आणि तुटका अंगठा चार दिवस रस्त्याला दिसत होता.

पहिला धक्का न्हाणीघरातून आला. आतून गाण्याचा आवाज. वहिनी धावत गेल्या, त्यांना वाटलं रेडिओ पाण्यात पडला. आजीबाई गात होती, बेसूर, पण खणखणीत. मग भूक आली. पोळ्या कमी पडायला लागल्या. मग जुने रखरखीत केस गळायला लागले आणि वहिनी रडवेल्या झाल्या, तेवढ्यात त्याखालून नवे काळेभोर आले. आणि एका दुपारी शाळेतून बोलावणं आलं.

"तुमच्या मुलीने," वर्गाच्या बाई म्हणाल्या, "काल बाकावर उभं राहून माझी नक्कल केली."

"माझ्या मुलीने?"

"तुमच्याच. वर्ग डोक्यावर घेतला. परवा मागच्या बाकावरच्या मुलीची वेणी खिडकीला बांधली. गणितात गुण घसरलेत. अहो, किती गुणी होती हो ही! घरी काही झालंय का?"

"हो," काचवाले म्हणाले. "बरी होतेय."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. काचवाल्यांना आपण काय बोललो याचाच धक्का बसला, आणि ते वेणीबद्दल माफी मागायचं विसरून बाहेर पडले.

घरात आता दारं आपटायची, कपबशांचे कान उडायचे. "नाही" हा शब्द त्या घरात पूर्वी पाहुणा होता, आता मुक्कामाला आला. शेजारीण भिंतीवर थाप मारून विचारायची, "आहे वाटतं घरात?" वहिनी दिवसभर ओरडून घसा बसवून घ्यायच्या आणि चेहऱ्यावर मात्र दिवाणखान्यात नवा दिवा लावल्यासारखा उजेड.

एका संध्याकाळी भाजी निवडताना काचवाले हळूच म्हणाले, "मला ती आधीची आवडायची गं."

वहिनींच्या हातातली शेंग तशीच राहिली. "अहो, आजारी होती ती."

"माहितेय."

"गारठून बसलेली असायची. आपण हसायचो."

"माहितेय म्हटलं ना. तरी आवडायची. आता काय करू?"

शेंगांची सालं गोळा करता करता वहिनी म्हणाल्या, "मलाही कधी कधी आठवते ती." आणि दोघंही हे घरातल्या तिसऱ्या माणसाने ऐकलं तर नाही ना, म्हणून दाराकडे बघायला लागली.

सहा महिन्यांनी डॉक्टरबाईंनी तिला पुन्हा भिंतीला टेकवलं. चार बोटं उंची वाढली होती. वहिनींनी तिथेच डोळ्यांना पदर लावला. घड्याळजीची मुलगी अजून कितीतरी पुढे होती, आणि ते अंतर कधी मिटेल का, मिटेल तर किती, हे डॉक्टरबाईंनी याही वेळी सांगितलं नाही.

त्यानंतरच्याच एका सकाळची गोष्ट. गोळी घेऊन झाली होती आणि तो अर्धा तास चालू होता. घरातली सगळी भांडणं आता याच अर्ध्या तासात व्हायची, कारण पोटात कावळे ओरडत असायचे आणि समोर भरलेली ताटली. मुलगी खुर्चीवर उकिडवी बसून टेबलावर चमचा आपटत होती. काचवाले कामावर निघायला शर्टाची बटणं लावत होते.

"बाबा, आधी मी तिच्यापेक्षा उंच होते?"

"कुणापेक्षा?"

"तिच्यापेक्षा हो. घड्याळजीकाका काल म्हणाले. म्हणाले, ती माझ्या खांद्याला लागायची."

वहिनींनी गॅस बंद केला, उगीचच.

"होतीस," ते म्हणाले.

"मग मी थांबले, ते तुम्हाला दिसलं कसं नाही?"

हा प्रश्न येणार हे त्यांना काचेसमोरच्या त्या संध्याकाळपासून माहीत होतं. त्यांना वाटलं होतं, डॉक्टर विचारतील, ताई विचारेल. त्यांच्यासाठी उत्तरं तयार होती. घराणंच ठेंगणं, कामाचा व्याप, शाळेनेही काही कळवलं नाही. पण विचारणारी ही निघाली. आधीच्या आजीबाईने हे जन्मात विचारलं नसतं.

"दिसायचीस की रोज," ते म्हणाले. "तुला कपडा बसायचा. मला वाटायचं, किती छान बसतोय. मी कपडा बघायचो."

ती रागावली नाही. रडली असती, चमचा फेकला असता, तर काचवाल्यांना सोसलं असतं. ती भुवया एकत्र करून नुसती विचार करत राहिली, एखादं गणित सुटत नसल्यासारखी.

"असं कसं?" ती म्हणाली. "मी तर आतच होते की."

काचवाले उभ्या जागी गार झाले. वहिनी ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या, त्यांची पाठ हलत होती.

"झाला का अर्धा तास?" मुलीनेच विचारलं.

"अजून पाच मिनिटं आहेत," वहिनी तोंड न वळवता म्हणाल्या.

"काही नाही! झालाय! तुमचं घड्याळ नेहमी मागे असतं!" असं म्हणून तिने ताटली पुढे ओढली.

खरं तर पाच मिनिटं होती. पण तिला थांब म्हणायची हिंमत त्या दोघांपैकी कुणालाच झाली नाही.